सर्व्हर मंद नाही, आधी तार बघा

पतसंस्था असो, कॉलेज असो की छापखाना, जिथे कोपऱ्यात एक सर्व्हर घरघरत असतो तिथे एक तक्रार ठरलेली असते. फाइल जाता जात नाही, रात्री लावलेला बॅकअप सकाळी कामावर आलं तरी चालूच. आणि त्यावरचा उपायही ठरलेला : इंटरनेटची लाइन वाढवून घ्या. अहो, फाइल या खोलीतून त्या खोलीत चालली आहे! इंटरनेटच्या लाइनीचा तिच्याशी संबंध काय?

माझं एकच मागणं आहे. खर्च करण्याआधी आकडा बघा. गिगाबिट जोडणीवर मोठी फाइल कॉपी होताना सेकंदाला ११० ते ११८ मेगाबाइट मिळायला हवेत. तुमचा आकडा ११-१२ वर येऊन खिळला असेल आणि तिथून हलतच नसेल, तर सर्व्हरला दोष देऊ नका. जोडणी गिगाबिटवरून शंभर मेगाबिटवर उतरली असण्याचीच शक्यता मोठी. पन्नास गिगाबाइटचा जो बॅकअप ७ मिनिटांत व्हायचा, तो ७० मिनिटं घेतो तो यामुळे. आणि मेगाबिट वेगळे, मेगाबाइट वेगळे. आठाने भागल्याशिवाय कोणाशीही भांडायला जाऊ नका.

जोडणी खाली का उतरते? शंभर मेगाबिटला तारेतल्या दोनच जोड्या पुरतात. १९९९ साली तांब्याच्या तारेवरच्या गिगाबिटचं मानक आलं, त्याला मात्र चारही जोड्या लागतात. आता जरा खाली वाका आणि टेबलामागचा प्लग उजेडात धरून बघा. नारिंगी आणि हिरवी जोडी शाबूत, पण तपकिरी तार टोकापर्यंत पोचलेलीच नाही, किंवा दाराच्या फटीत चेंगरून आतल्या आत तुटलेली. बहुतेक कार्डं अशा वेळी बंद पडत नाहीत, गुपचूप शंभरवर येऊन काम चालू ठेवतात. दिवा लुकलुकतच असतो. म्हणून वर्षानुवर्षं कोणाला पत्ता लागत नाही. शंभर रुपयांची तार, आणि त्यापायी नव्या सर्व्हरचं कोटेशन मागवलं जातं!

शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. रानात पाणी कमी येतंय म्हणून तो लगेच दुसरी विहीर खणायला घेत नाही. विहिरीत पाणी किती आहे, मोटर किती उचलते, पाइप कुठे दबलाय, हे तो एकेक ठिकाणी जाऊन बघतो. सर्व्हरची डिस्क ही विहीर, नेटवर्क कार्ड ही मोटर, तार हा पाइप. मोटर पाच एचपीची आहे हे ठाऊक असून भागत नाही. पाइपाच्या तोंडाशी पाणी किती पडतं ते मोजावं लागतं. ते मोजायला आयपर्फ नावाचं साधन फुकट मिळतं. ते डिस्कला हात न लावता नुसता पाइप मोजतं. आयपर्फ साडेनऊशेच्या आसपास मेगाबिट दाखवतंय आणि फाइल तरी रखडतेय, तर पाइप सोडा, विहिरीकडे चला : डिस्क, डिस्कांची रेड-जोडणी, व्हायरस-तपासणी, जे असेल ते.

आणि कृपा करून पिंग करून ‘नेटवर्क ठीक आहे’ असं लिहून मोकळे होऊ नका. पिंग म्हणजे ओंजळभर पाणी. दबलेल्या पाइपातूनही ते जातंच. कधी स्विचच्या एका बाजूला कोणीतरी हाताने ‘शंभर, फुल ड्युप्लेक्स’ ठरवून ठेवलेलं असतं आणि दुसरी बाजू ऑटोवर असते. मग ऑटोवाली बाजू हाफ ड्युप्लेक्स, म्हणजे एका वेळी एकाच दिशेची वाहतूक, धरून बसते. पिंग छान चालतो, मोठी फाइल सोडली की पाकिटांची टक्कर सुरू. म्हणून सांगतो : लिनक्सवर इथटूल चालवा आणि स्पीडची ओळ वाचा, तिच्या खालची ड्युप्लेक्सचीही वाचा. दोन्ही टोकं ऑटोवर ठेवा. शेवटी एररचे आकडे बघा. सीआरसीच्या चुका, म्हणजे वाटेत बिघडलेली पाकिटं, वाढत असतील तर तार बदला, मग बोलू.

आधी मोजून बघण्याची ही शिस्त जुनी आहे. १९८६ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. अंतर किती, तर ४०० यार्ड. व्हॅन जेकबसन आणि माइक कॅरल्स यांनी पाकिटं कशी जातात, कुठे हरवतात, पुन्हा कधी पाठवली जातात, ते बारकाईने पाहिलं. त्यातून १९८८ साली गर्दी आवरण्याची जी रीत त्यांनी मांडली, तिच्यावर टीसीपी, म्हणजे पाकिटं पोचवण्याची नियमावली, अजून उभी आहे.

वेळ संपत आल्याची खूण होते आहे, तेव्हा लांबच्या सर्व्हरबद्दल घाईने सांगतो. बॅकअप अमेरिकेत जात असेल आणि जाऊन-येऊन २०० मिलिसेकंद लागत असतील, तर तार कितीही जाड असू द्या, ६४ किलोबाइटच्या विंडोत सेकंदाला ३२० किलोबाइटच जातात. इथून थोडं सोडायचं, पलीकडून ‘पोचलं’ अशी हाक येईतो थांबायचं, असा तो प्रकार. विंडो मोठी करण्याची सोय १९९२ पासून आहे, पण मधला एखादा जुना फायरवॉल ती काढून टाकतो, आणि त्यावर उपाय म्हणजे... असो, तो विषय मोठा आहे. हजारो बारीक फायलींचंही राहिलंच. त्या टार करून एका गठ्ठ्यात पाठवून बघा, आधीचा आणि नंतरचा आकडा कागदावर लिहून ठेवा.