खोडी कुणाची, शिक्षा कुणाला?



२६ नोव्हेंबर २००८ नंतर आपल्या वर्गात दोन तट पडले. एक म्हणे, ‘धर्माचा विषयच नको.’ दुसरा म्हणे, ‘सगळे तसलेच.’ मी दोन्हीकडे मान डोलावली. आपल्या बाकावरचा एक मित्र मात्र मेळाव्याला येईनासा झाला.

मुंबईत १६६ माणसं गेली. हल्ला लष्कर-ए-तैयबाचा, धर्माच्या नावानं केलेला. हे स्पष्ट बोलायलाच हवं. पण मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानच्या विश्वस्तांनीच त्या नऊ हल्लेखोरांना दफनाची जागा नाकारली, हेही तितकंच स्पष्ट सांगायला हवं होतं. मी गप्प बसलो.

बाई, एकाच्या खोडीसाठी तुम्ही कधी सगळा वर्ग उभा केला नाहीत. परवा मी त्या मित्राला फोन करून माफी मागितली. तो आज आलाय.