गडावरून हिमालयाचा बर्फ

मंडळी, नारायणगडावर आज मी बर्फाबद्दल बोलणार आहे. आपल्या बीडला बर्फ दिसतो तो गारपिटीत, आणि त्याची आठवणही नको वाटते. पण हिमालयातल्या बर्फाचं आपल्या पेरणीशी नातं आहे, हा विचार जुना आहे. १८७६-७८चा भीषण दुष्काळ पाहिल्यानंतर हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४ साली तो मांडला: हिमालयात बर्फ जास्त साचला, तर पुढचा पाऊस कमी पडतो. बर्फ ऊन परतवतो, वितळताना उष्णता खातो, जमीन उशिरा तापते आणि मोसमी वाऱ्यांची ओढ मंदावते.

आपले शास्त्रज्ञ वसंत गोवारीकर यांच्या १९८८च्या, पावसाचा अंदाज सांगणाऱ्या सोळा घटकांच्या मॉडेलमध्येही बर्फाला जागा होती. तरीही २००२ साली अंदाज सामान्य पावसाचा आला आणि जुलै कोरडा गेला. म्हणजे हे नातं पक्कं नाही, सारखं तपासत राहावं लागतं. म्हणूनच मला वाटतं, ते तपासणाऱ्यांत इथली मुलंही असावीत. दुष्काळ ज्यांच्या घरात येतो, त्यांनी आकडे दुसऱ्याच्या तोंडून का ऐकावेत?

आकडे फुकट आहेत. अमेरिकेचा टेरा उपग्रह डिसेंबर १९९९मध्ये सुटला. फेब्रुवारी २०००पासून त्याच्यावरच्या मोडिस कॅमेऱ्यामुळे जगभरच्या बर्फाचा रोजचा नकाशा मिळतो. त्यातला एकेक ठिपका पन्नास-साठ एकरांचा. नासाच्या अर्थडेटावर मोफत खातं उघडा, संगणकात पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि तिची ‘अर्थअ‍ॅक्सेस’ ही लायब्ररी टाका. मग कामं तीनच: लॉगिन, शोध, डाउनलोड. शोधताना तीन गोष्टी सांगायच्या: संचाचं नाव ‘एमओडी१०ए१’, तारखा आणि प्रदेश. पृथ्वीचे चौकोन पाडलेले आहेत. हिमाचलचा बराचसा भाग ‘एच२४व्ही०५’मध्ये येतो, आपलं बीड ‘एच२५व्ही०७’मध्ये. एकेक फाइल हातानं उतरवत बसलं, तर वीस वर्षांच्या उन्हाळ्यांना महिने लागतील. दहा ओळींचा प्रोग्रॅम रात्रभर चालू ठेवला की सकाळी फाइली तयार असतात.

खरी मेहनत त्यानंतर सुरू होते. मी पहिल्यांदा सरासरी काढली, तेव्हा एका दिवसाचा बर्फ शंभराच्या वर गेला. तासभर मी प्रोग्रॅममधली चूक शोधत होतो. चूक आकडा वाचण्यात होती. या फाइलीत ० ते १०० हे बर्फाचे आकडे, आणि २५० म्हणजे ढग. मी ढगांचाही बर्फ करून टाकला होता! डोळ्याला दोन्ही पांढरेच. पण आपल्याला न दिसणाऱ्या, लाल रंगापलीकडच्या एका अवरक्त प्रकाशात बर्फ काळा पडतो आणि ढग उजळच राहतो. त्या फरकावरूनच उपग्रह दोघांना वेगळं ओळखतो. म्हणून २५० दिसला की तिथे शून्य भरू नका. ती जागा रिकामी ठेवा. ढगाखाली बर्फ होता की नव्हता, हे त्या दिवशी उपग्रहाला दिसलेलंच नाही. दुसऱ्या दिवशीची फाइल पाहा, तिसऱ्या दिवशीची पाहा.

मार्च ते मे महिन्यांचा हिमाचलातला बर्फ एका रकान्यात लिहा. शेजारच्या रकान्यात त्याच वर्षीचा जून ते सप्टेंबरचा आपल्या तालुक्याचा पाऊस. २०१२चं दुष्काळाचं साल आपण सगळ्यांनीच सोसलं आहे, तिथून सुरुवात करू. त्या वर्षीची १५ मार्चची फाइल मी लॅपटॉपवर आणली आहे. मागच्या रांगेतल्या मुलामुलींनी पुढे यावं, आत्ताच उघडू आणि त्यात २५० किती आहेत ते आधी मोजू.