मुलांची जुनी बद्धकोष्ठता



आजचा विषय चारचौघांत बोलायचा नाही असे आपण मानतो, आणि त्यापायीच मुलांचे हाल होतात.

काटोलकडची एक बाई सात वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली. “हा जाणूनबुजून चड्डी खराब करते जी,” ती म्हणाली. मुलगा मान खाली घालून उभा. घरी मार खाल्लेला. वर्गात मुले नाक धरीत, म्हणून शाळाही सुटत चाललेली. बाईला हगवण बंद करण्याचे औषध हवे होते. मी पोट तपासले, तर बेंबीखाली डावीकडे कडक गोळा हाताला लागला. ती हगवण नव्हतीच, बद्धकोष्ठता होती.

हे कसे? ताप येऊन गेल्यावर, मे महिन्यात अंगातले पाणी आटल्यावर, किंवा शाळेचा संडास घाण म्हणून दिवसभर दाबून धरल्यावर एखाद्या वेळी शौच कडक होते. दुखते. पुढच्या खेपेला पोर भिऊन आवरून धरते. मोठे आतडे मळातले पाणी शोषून घेत असते. म्हणून मळ जितका थांबेल तितका वाळतो, आणि वाळला की अधिकच दुखतो. असे महिनोन्‌महिने चालले की गुदाशय ताणून सैल पडतो आणि ‘लागली’ ही जाणीव बोथट होते. मग साठलेल्या खड्याच्या कडेने वरचा पातळ मळ झिरपतो. मुलाला ते कळतही नाही. त्याला मारून काय उपयोग?

आणखी एक फसगत होते. पोर दाराआड जाते, पाय आवळून चवड्यांवर उभे राहते, तोंड लाल होते. आपण म्हणतो, बिचारे किती कुंथते! बहुधा ते कुंथत नसते, रोखून धरीत असते.

उपाय करताना आधी साठलेला मळ निघाला पाहिजे. तोवर पालेभाजीचा इलाज चालत नाही. त्यासाठी डॉक्टर पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पूड मुलाच्या वजनाप्रमाणे पाण्यातून देतात. ती न मिळाल्यास लॅक्टुलोज. ही औषधे मळात पाणी धरून ठेवतात; त्यांची आतड्याला सवय लागत नाही. एरंडेल, साबणाची कांडी, वरचेवर एनिमा हे घरच्या घरी करू नका. त्याने पोराची भीती वाढते.

आणि इथेच बहुतेक जण चुकतात. पोट साफ झाले की औषध बंद! त्या बाईनेही तिसऱ्या आठवड्यात बंद केले, आणि पोळ्याच्या सुमारास मुलगा पुन्हा तसाच माझ्यापुढे उभा. सैल पडलेला गुदाशय पूर्ववत व्हायला महिने लागतात. तोवर रोजची मात्रा चालू ठेवावी, आणि कमी करायची तीही डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

जेवणानंतर आतडे आपोआप हलते. तेव्हा अर्ध्या तासाच्या आत मुलाला पाच-दहा मिनिटे बसवावे, पाय नीट टेकवून. झाली नाही तरी रागावू नये. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वरण, पेरू, भरपूर पाणी. दूध मात्र बेताने. संत्र्याच्या मुलखात राहून आपण पोराला रस गाळून देतो आणि चोथा टाकून देतो, याचे मला नेहमी नवल वाटते. फोडी खाऊ द्या.

जन्मल्यावर पहिली काळी शी दोन दिवसांत झाली नसेल, पोट फुगत असेल, हिरवी उलटी होत असेल, वजन वाढत नसेल किंवा पायांत जोर नसेल, तर घरी थांबू नका. प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. तिथून गरज पडल्यास नागपूरच्या मेडिकलला किंवा मेयोला पाठवतील. उलट, अंगावर पिणारे महिन्या-दीड महिन्यावरचे बाळ चार दिवस शी करीत नसेल, पण करते ती मऊ असेल आणि बाळ खेळते-पिते असेल, तर चिंता नको.

गुरुजी आणि बाई, मुलाने करंगळी किंवा दोन बोटे दाखवली, तर ‘तास संपू दे’ म्हणू नका. संडासात पाणी आहे का, कडी लागते का, तेवढे पाहा. कपडे खराब झाले, तर वर्गासमोर न बोलता आईबापांना बाजूला घेऊन सांगा.

त्या मुलाच्या गुरुजींनी त्याला दाराजवळच्या बाकावर बसवले आहे. न विचारता उठायची मुभा दिली आहे. तो रोज शाळेत जातो. औषध अजून चालू आहे, मात्रा निम्म्यावर आली आहे.