समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे



बँकेत हिशेब जुळला नाही तर आम्ही आधी एकेक नोंद तपासतो. घरी मुलगा नापास झाला की मात्र काही न विचारताच उपदेश सुरू करतो. मुलगा गप्प होतो. धोका तिथेच असतो.

समुपदेशक आधी ऐकून घेतो. सांगितलेले गुप्त राहील, जिवाला धोका दिसला तरच घरी कळवू, हे सुरुवातीलाच स्पष्ट करतो. मग अडचण नेमकी कोणती, मार्ग कोणते, हे दोघे मिळून शोधतात. निर्णय मुलाचा. पुढच्या भेटीत काय जमले ते पाहतात.

ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मोफत बोलता येते. विद्यार्थ्यांनी संकोच करू नये. आम्हा पालकांनीही आधी ऐकायला शिकले पाहिजे.