पाऊण तास आणि दीड दिवस

कोलकात्याच्या विमानतळापासून आगरताळ्याच्या विमानतळापर्यंतचे सरळ अंतर सुमारे 320 किलोमीटर भरते. वेळापत्रक या प्रवासास साधारणपणे एक तास देते. विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून पलीकडे स्थिर उभे राहीपर्यंतचा हा काळ असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, परवानगीसाठी थांबणे, उतरण्यापूर्वी घ्यावी लागणारी वळणे, हे सर्व त्यात धरलेले असते. आकाशातला काळ पाऊण तासाच्या आसपासच. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचे जोरदार वारे वाहतात. ते जाताना पाठीशी व येताना समोरून असतात. पण एवढ्या लहान पल्ल्यात त्यांचा परिणाम चार-दोन मिनिटांचा. तो येथेच सोडू.

हाच प्रवास आगगाडीने करावयाचा झाल्यास गाडी प्रथम उत्तरेकडे हिमालयाच्या पायथ्याशी जाते, सिलिगुडीजवळची अवघी वीस-बावीस किलोमीटर रुंदीची चिंचोळी पट्टी ओलांडून आसामात शिरते, आणि तेथून डोंगर पार करीत दक्षिणेस त्रिपुरात उतरते. अंतर दीड हजार किलोमीटरांहून अधिक आणि काळ सुमारे दीड दिवस! कचेरीत बसून नकाशावर पट्टी ठेवणाऱ्या आम्हां अधिकाऱ्यांच्या ध्यानात ही गोष्ट सहसा येत नाही.

या वळशाचे कारण 1947 सालच्या फाळणीत आहे. पूर्वी त्रिपुरा संस्थानातील प्रवासी आगरताळ्याजवळच्या आखौरा स्थानकावर गाडी पकडीत. फाळणीनंतर ते स्थानक सीमेपलीकडे गेले. आगरताळ्यास आपली रेल्वे पोहोचण्यास 2008 साल उजाडले, आणि ब्रॉडगेज आली ती 2016 मध्ये. मधल्या काळात महाराज वीरविक्रम किशोर माणिक्य यांच्या कारकिर्दीत, 1942 साली, बांधलेल्या विमानतळाने या प्रदेशाची केवढी लाज राखली असेल!

परंतु सरळ रेषेलाही धनी असतो. 1944 सालच्या शिकागो करारान्वये प्रत्येक राष्ट्राची आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण सत्ता आहे. आगरताळ्याचे विमान सरळ जाते ते बांगलादेशाच्या आकाशातून, म्हणजे त्या देशाच्या संमतीने. अशी संमती नाहीशी झाली म्हणजे काय होते, हे पाकिस्तानने 1971 मध्ये अनुभवले. भारताचे एक विमान लाहोरला पळवून नेऊन जाळण्यात आले, तेव्हा भारताने पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले. कराचीहून ढाक्यास जाणाऱ्या विमानांना मग सिंहलद्वीपाचा वळसा घ्यावा लागला आणि अंतर जवळजवळ दुप्पट झाले.

1 नोव्हेंबर 2023 रोजी आगरताळा ते आखौरा या लोहमार्गाचे उद्घाटन झाले. त्याची लांबी सव्वाबारा किलोमीटरांची. त्या वाटेने थेट कोलकात्यापर्यंत जाता आले, तर आगगाडीचे दीड हजार किलोमीटर पाचशेच्या आसपास येतील. तोवर कोलकात्याच्या इस्पितळात तारीख मिळालेल्या आगरताळ्याच्या रुग्णाचे विमान धुक्याने रद्द झाले, तर त्याला दुसऱ्या दिवसाच्या विमानाची वाट पाहावी लागते, नाहीतर दीड दिवसाच्या गाडीत बसावे लागते.