सावेदादांचा कॅमेरा
(गुणगौरव समारंभातील भाषण)



आज बक्षिसे घेताना मुलामुलींचे फोटो निघत आहेत. ते पाहून मला एका जुन्या छायाचित्रकाराची आठवण झाली. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर हे त्यांचे नाव. लोक त्यांना सावेदादा म्हणत. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंची हलती चित्रे दाखविण्यात आली. ती विद्या आपणही करावी असे सावेदादांच्या मनाने घेतले आणि त्यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागविला. १८९९ साली त्यांनी हँगिंग गार्डनमध्ये दोन पहिलवानांची कुस्ती टिपली. फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली! आपल्या माणसाने केलेल्या माहितीपटाची सुरुवात ती अशी.

कुस्ती पाहायला कोणीही जमतो. मला नवल वाटते ते १९०१ सालचे. कोकणातील मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत १८९९ साली पहिल्या क्रमांकाने येऊन सीनियर रँग्लर झाले होते. ते मायदेशी परतले, तेव्हाचे मुंबईतील स्वागत सावेदादांनी चित्रित केले. ना राजा, ना लाटसाहेब. परीक्षा पास झालेला विद्यार्थी! (पुढे १९०३ च्या दिल्ली दरबाराचेही चित्रण त्यांनी केले. धंदा होता, तेही खरे.)

माझे वडील सांगतात, नांदेडच्या टॉकीजमध्ये मुख्य सिनेमाआधी फिल्म्स डिव्हिजनचा माहितीपट लागे. धरण, कालवा, देवीची लस. तेवढ्यात लोक चहा पिऊन येत.

आता कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. तो कोणाकडे वळवायचा, हे आपणच ठरवतो. यंदा माझ्या एका विद्यार्थिनीला दहावीत गणितात ९४ गुण मिळाले. अभिनंदन करायला घरी गेलो. नुकतेच तिच्या भावाचे लग्न झाले होते. लातूरहून व्हिडिओवाले आले होते. तीन तासांची ती फिल्म मला हौसेने दाखविण्यात आली. तीत ही मुलगी दोनदाच दिसली, तीही ताटे उचलताना. तिच्या निकालाचा मात्र घरात एकही फोटो नव्हता. अकरावीचे विचारले तर उत्तर मिळाले, "सर, यंदा खर्च फार झाला."

नाव सांगत नाही. तिचा प्रवेशाचा अर्ज मी भरून ठेवला आहे, पालकांची सही तेवढी राहिली आहे. मुदत शनिवारपर्यंत आहे. कार्यक्रम संपल्यावर मी व्यासपीठाच्या उजव्या बाजूला थांबणार आहे.