ढोलाची विद्या : अॅलेक्स डुथार्ट



लग्नाच्या मांडवांत सनईवाल्याचें कौतुक सर्वच करतात. त्याच्या शेजारीं बसून चौघडा वाजविणाऱ्याचें नांव मात्र क्वचितच कोणी विचारतो. गोड सूर कानाला चटकन् कळतो. त्याला तोलून धरणारा ठेका कळावयास थोडा अवधि लागतो. स्कॉटलंडच्या पाइप बँडांतील ढोलवाल्यांचीहि बराच काळ अशीच उपेक्षा होत असे. ती ज्यांनीं दूर केली, त्यांत अॅलेक्स डुथार्ट यांचें नांव पहिल्या ओळींत घ्यावें लागेल.

पाइप बँड आपल्याला अनोळखी नाहीं. हिंदुस्थानी सैन्याच्या अनेक पलटणींनीं तो इंग्रजी अमदानींत उचलला व पुढें आपलासा केला. त्यांतील मुख्य वाद्य बॅगपाइप. या वाद्याचा गुण म्हणा किंवा दोष म्हणा, असा आहे कीं, त्याचा आवाज लहानमोठा करतां येत नाहीं, आणि चालू झालेला सूर मध्येंच तोडतांहि येत नाहीं. काखेंतील पिशवी हवेनें भरलेली असेपर्यंत तो एकाच जोरानें वाहत राहतो. मग चालींतील हळुवार कोणतें आणि आवेशाचें कोणतें, हें दाखवावयाचें कोणीं? तें काम ढोलवाल्यांवर येऊन पडतें. त्यांचा साइड ड्रम आवाजानें आपल्या ताशाच्या जवळचा, उंच व कोरडा. आजच्या ड्रमांत वरच्या व खालच्या अशा दोन्ही पुड्यांना लागून तारा ताणलेल्या असतात. त्यामुळें प्रत्येक आघात स्वच्छ व वेगळा ऐकूं येतो.

डुथार्ट यांचा जन्म १९२५ सालचा. स्कॉटलंडांतील लॅनार्कशायर हा त्या काळीं कोळशाच्या खाणींचा व पोलादाच्या भट्ट्यांचा मुलुख होता. तेथील कामकरी लोक पोटाचा उद्योग सांभाळून संध्याकाळीं बँडाच्या तालमीस जमत. शॉट्स या खाणवाल्यांच्या गांवचा ‘शॉट्स अँड डाइकहेड कॅलेडोनिया’ हा बँड १९१० सालीं स्थापन झाला. या बँडांत डुथार्ट प्रमुख ढोलवादक झाले. १९५७ पासून १९६० पर्यंत ओळीनें चार वर्षें या बँडानें जागतिक अजिंक्यपद मिळविलें. एकेकट्या ढोलवादकांच्या जागतिक स्पर्धेंतहि डुथार्ट अनेकदां पहिले आले.

ही स्पर्धा मोठी कठोर असते. प्रथम ढोलांवर तीन-तीन पावलांचे दोन कडकडाट होतात. त्यांच्याबरोबर सर्व पाइप एका क्षणीं वाजूं लागले पाहिजेत. मग बँड चालत जाऊन वर्तुळ करून उभा राहतो. परीक्षकांपैकीं एक केवळ ढोल ऐकतो, आणि एक सर्वांचा मेळ कसा जमला तें पाहतो. खेळ थोड्या मिनिटांचा, तालीम वर्षभराची. सात-आठ जणांच्या काठ्या एकाच मनुष्यानें चालविल्यासारख्या पडाव्या लागतात. एखादी काठी केसभर मागें राहिली तरी ती परीक्षकाच्या कानांत खुपते.

जुन्या पिढीचा ढोल मुख्यतः पावलांना ठेका देई. डुथार्ट यांनीं त्याला चालीचें ऐकावयास शिकविलें. चाल विसांवा घेई तेथें ढोल दबे. चाल चढे तेथें तो उचल घेई. कधीं प्रमुखानें एकट्यानें वाजवावें व नेमक्या जागीं इतरांनीं येऊन मिळावें, अशा योजनेनें पाइपच्या एकसारख्या आवाजालाहि चढउतार आल्याचा भास होई.

स्वित्झर्लंडांतील बाझल शहरीं ढोलवादनाची परंपरा फार जुनी आहे. तेथील डॉ. फ्रिट्झ बर्गर यांनीं ढोल लिहून काढण्याची एक सोपी रीत बसविली होती. एकच आडवी रेघ; उजव्या हाताचा आघात तिच्या वर, डाव्याचा तिच्या खालीं. स्कॉटलंडच्या वादकांनीं ही रीत स्वीकारली. डुथार्ट यांनीं बाझलच्या वादनाचा अभ्यास करून त्यांतील कित्येक प्रकार आपल्या रचनांत आणले. जी विद्या पूर्वीं गुरूच्या हाताकडे पाहून घ्यावी लागे, ती आतां कागदावर उतरूं लागली.

परंतु स्पर्धेंत उतरणाऱ्यानें आपलें कसब लिहून द्यावें काय? आज शिकविलेली रचना उद्यां समोरच्या बँडांतून ऐकूं यावयाची, कदाचित् अधिक सफाईनें! हातची चीज झांकून ठेवण्याची खोड कलावंतांना सर्व देशांत असते. डुथार्ट यांनीं ती लावून घेतली नाहीं. त्यांनीं स्कॉटलंडांत शिकविलें व परदेशांतहि जाऊन शिकविलें.

हें शिकविणें चिकाटीचें आहे. आरंभ ढोलावर होतच नाहीं. रबराच्या गादीवर दोन काठ्यांनीं, उजवा-डावा, उजवा-डावा, प्रथम संथ व मग जलद, असे महिने जातात. सलग कडकडाटासाठीं काठी किंचित् दाबून धरावी लागते. अधिक दाबली तर आवाज गुदमरतो, कमी दाबली तर आघात सुटे पडतात. दुबळा हात सबळ हाताच्या बरोबरीस येईपर्यंत शिष्याला नेट धरावा लागतो, आणि शिक्षकाला धीर.

सर्वांवर जय मिळवावा, पण शिष्याकडून हार घ्यावी, असें आपल्याकडील जुने लोक सांगत. डुथार्ट यांच्याकडे शिकलेले जिम किलपॅट्रिक यांनीं एकेकट्यांच्या स्पर्धेचें जागतिक पद पुढें १६ वेळां जिंकलें आणि शॉट्सच्या ढोलवाल्यांचें प्रमुखपदहि भूषविलें. गुरूचा आंकडा मागें पडला. शिक्षकाच्या जमाखर्चांत ही जमेचीच बाजू होय.

डुथार्ट १९८६ सालीं वारले. मिळविलेला करंडक पुढल्या वर्षीं दुसऱ्याच्या घरीं जातो, हा स्पर्धेचा नियमच आहे. दिलेल्या विद्येला तो नियम लागू नाहीं. ऑगस्ट महिन्यांत ग्लासगो शहराच्या मोठ्या हिरवळीवर देशोदेशींचे बँड जमतात. तेथें काठ्या उचलणाऱ्या तरुणांपैकीं पुष्कळांनीं डुथार्ट यांना पाहिलेलेंहि नाहीं. तरी ढोलानें चालीचें ऐकावें ही त्यांची शिकवण त्यांच्या हातांत उतरली आहे.